बाळंतिणीचं सूप

जून आला की मला तिळाच्या तेलाचा वास येतो.

खरं तर अबू धाबीतल्या जूनचे वास वेगळे. तापलेल्या डांबराचा, समुद्रावरून येणाऱ्या खारट, चिकट वाफेचा. अल रीम आयलंडवरच्या आमच्या बिल्डिंगच्या काचांवर पहाटे बाहेरच्या बाजूने पाणी धरतं. गावाकडून नवं कुणी आलं तर त्याला वाटतं, पाऊस पडून गेला. नळ गारकडे फिरवला तरी पाणी चटका देतं, म्हणून गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी आंघोळीला घ्यायचं, असा इथला उलटा संसार. साइटवर दुपारचं काम थांबतं. शाळांना सुट्ट्या लागतात, लिफ्टमधून सुटकेसा खाली जाऊ लागतात आणि बिल्डिंग अर्धी रिकामी होते. त्या सुन्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात वाळलेल्या समुद्री शेवाळाचा काळा, चुरगळलेला तुकडा पाण्यात पडतो. बघता बघता फुगतो, हिरवागार होतो, आणि मग पातेल्यात तिळाच्या तेलावर चर्र करतो. त्या आवाजासरशी मी सईच्या जन्माच्या उन्हाळ्यात जाऊन पोचतो.

सई जन्मली तेव्हा आमच्याकडे कुणीच येऊ शकलं नाही. वैशालीची आई ती कॉलेजात असतानाच गेली. माझी आई येणार होती. तिचा पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, तिने आयुष्यात पहिल्यांदा चाकांची बॅग घेतली आणि आख्ख्या गल्लीला ती चालवून दाखवली. आणि निघायच्या आठवड्यातच गोठ्यात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं. फोनवर ती स्वतःच्या पायासाठी रडली नाही. "आता पोरीचं कोण करील रं?" एवढंच म्हणत राहिली.

बाळंतपण चांगलं पार पडलं. हॉस्पिटलमधल्या मल्याळी नर्सनी माझ्याही डोक्यावरून हात फिरवावा तसा धीर दिला. पण घरी आलो आणि वैशाली जेवेना. तिला कसलीच चव लागत नव्हती. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. सांगोल्याकडच्या आमच्या गावात इंजिनिअर म्हणून माझं नाव घेतात, पण मला स्वयंपाकात येत होती ती हॉस्टेलची खिचडी. ती मी सकाळी केली, संध्याकाळी केली. बाहेरून मागवलेला डबा तिखट निघाला. आईने डिंकाचे लाडू करून ठेवले होते, पण ते घेऊन येणारा माणूस अजून पंधरवड्याने निघणार होता. वैशाली दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ रडायचं, ती उठायची, पाजायची, पुन्हा भिंतीकडे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, अशक्तपणा आहे, भरपूर खाऊ घाला. ते कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. मला त्या दिवसांत खरी भीती वाटत होती.

अशा एका दुपारी बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या कोरियन बाई. तोवर आमची ओळख लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करण्यापुरती. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कमरेला कायम एप्रन. नवरा पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या एका प्रोजेक्टवर, आठवड्याच्या शेवटी घरी येणारा. मुलगी मिन्जी तिकडे कोरियात कॉलेजला. मी नाव विचारलं तेव्हा त्या छातीवर हात ठेवून "मिन्जी-ओम्मा" म्हणाल्या, म्हणजे मिन्जीची आई. आमच्या गल्लीतल्या बायकाही आपली ओळख अशीच देतात. मी त्यांना आजही तेच म्हणतो.

"बेबी," त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. रडणं त्यांना ऐकू जात असणार. "गर्ल? बॉय?"

"गर्ल."

"मदर? ईटिंग?"

हो म्हणून दार लावून घेता आलं असतं. पण त्यांनी ते इतक्या काळजीने विचारलं, की मी मान हलवून नाही म्हणालो. त्या लगबगीने परत गेल्या.

तासाभराने त्या पुन्हा आल्या, दोन्ही हातांत कापडाने धरलेलं मोठं पातेलं घेऊन. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती. मी ते घेतलं आणि सहज विचारलं, "काय आहे यात?"

"सीवीड. गार्लिक. बीफ," त्या अभिमानाने म्हणाल्या. "गुड बीफ. कोरियन मदर, एव्हरी डे ईट!"

मी पातेलं धरून तसाच उभा. आतून वैशालीचा बारीक आवाज आला, "अहो, कोण आलंय?" आमच्याकडे मी अंडं-चिकन खातो, वैशाली तेही नाही. बीफचा तर प्रश्नच नव्हता. पण समोर एक बाई माझ्या बायकोसाठी एवढ्या उन्हाळ्यात शेगडीपुढे उभी राहून आली होती. घेऊन गुपचूप ओतून द्यावं, असंही मनात येऊन गेलं. पण आमच्याकडे अन्न टाकत नाहीत, आणि अशा माणसाचं तर नाहीच.

"सॉरी," मी म्हणालो. "ती बीफ खात नाही. कुठलंच मांस नाही, फिश नाही. व्हेरी, व्हेरी सॉरी."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तळहाताने स्वतःचं कपाळ बडवून घेतलं. "आय नो आस्क! मिन्जी-ओम्मा नो ब्रेन!" माझ्या हातातून पातेलं जवळजवळ हिसकावून घेत म्हणाल्या, "टेन मिनिट. वेट."

दहा मिनिटं नव्हेत, बराच वेळ गेला. मी दाराशी घुटमळत राहिलो. दुखावल्या असतील, असं वाटत होतं. मग समोरच्या दारातून तिळाच्या तेलाचा तो वास आला. भाजल्या तिळाचा, आमच्या संक्रांतीच्या घरासारखा, पण खाली कुठेतरी समुद्र असलेला. थोड्या वेळाने दुसरं पातेलं आलं. "नो बीफ. नो फिश. मशरूम. न्यू पॉट!" भांडंसुद्धा नवं घेतलं होतं त्यांनी. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या सरळ आत आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, हात धुतले, आणि वैशालीच्या पाठीला उशी लावून तिला बसवलं. वाडग्यात पातळ, हिरवट रस्सा, त्यात गडद हिरव्या, मऊ, निसटत्या पट्ट्या. आम्ही दोघंही कोरडवाहू मुलखातले. हिरवं शेवाळ पाहिलेलं ते विहिरीच्या पायरीवर, ज्याच्यावरून घसरायचं एवढंच माहीत. वैशालीने वाडग्यात डोकावून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी थट्टेच्या सुरात म्हणाली, "अहो, विहीर उपसली का यांनी?"

मग तिने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मिन्जीची आई पलंगाच्या कडेला बसून स्वतःचं तोंड नकळत उघडत-मिटत होत्या, लेकराला भरवताना आया करतात तसं. वाडगा संपला. वैशाली म्हणाली, "अजून आहे?"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि वाडगा काठोकाठ भरून आणला.

त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मिन्जीची आई घरीच होत्या. आईने पडद्यावर वाडगा पाहिला आणि ओरडलीच, "आरं, ते शेवाळ काय घालतोस पोरीला? म्हशीची वैरण हाय का ती?"

मी समजावत होतो, तेवढ्यात मिन्जीच्या आईंनी फोन घेतला, आईला वाकून नमस्कार केला, आणि मग वर एसीकडे बोट, खाली वैशालीच्या उघड्या पायांकडे बोट, गार पाण्याच्या बाटलीकडे बोट, माझ्याकडे बोट, असा कोरियन भाषेत तोंडाचा पट्टा सुरू केला.

"काय म्हणत्यात त्या?"

"एसी बंद कर म्हणतात. तिच्या पायात मोजे घाल. गार पाणी देऊ नको."

"मग? मी चार दिस झालं दुसरं काय वरडतीया?" आई म्हणाली. "माझं ऐकत न्हाईस तर त्यांचं ऐक! कान बांध म्हणावं तिचं." आणि तिने आपला पदर कानाभोवती घट्ट ओढून दाखवला. मिन्जीच्या आईंनी टाळी वाजवली, "येस! येस!" करत ओढणी शोधून वैशालीचे कान बांधले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि कुठल्याच मुद्द्यावर मतभेद नव्हता.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसी बंद, बाळंतीण मोजे घालून, आणि मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. तो महिना असा गेला. रोज एक पातेलं यायचं. वैशालीच्या गालांवर रंग आला. सूपाने आला, की कुणीतरी आपल्यासाठी रोज रांधतंय याने आला, मला सांगता येणार नाही. डिंकाचे लाडू आले तेव्हा तिने पहिला लाडू समोरच्या फ्लॅटमध्ये नेऊन दिला. मिन्जीच्या आईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला, आणि दात लागेनात तसा चहात बुडवला.

त्यानंतर काही वर्षं त्यांच्या स्वयंपाकघराचं दार आम्हाला उघडं राहिलं. मी लहान गावातला माणूस, परदेशी जेवण म्हणजे हॉटेल आणि मेनूकार्ड अशी माझी समजूत. त्या घरात पाहिलं की एखाद्या देशाचं जेवण म्हणजे त्यांच्या आयांनी शतकानुशतकं केलेला विचार असतो. आजाऱ्याला 'जुक', म्हणजे आपली मऊ भाताची पेजच, वर तिळाच्या तेलाचा थेंब. नवीन वर्षाला तांदळाच्या पांढऱ्या चकत्यांचं सूप. ते प्यायलं की सगळे एक वर्षाने मोठे झाले. 'बिबिमबाप'मध्ये भातावर पालक, गाजर, मोड आलेलं कडधान्य रांगोळीसारखं मांडतात आणि मग चमच्याने सगळं निर्दयपणे कालवतात. मी पहिल्यांदा ती मांडणी मोडायला धजेना, तर माझा वाडगा ओढून त्यांनीच कालवून दिला, "लुकिंग इज नो टेस्ट!"

हवा पालटली, खिडक्या उघडायचे दिवस आले, की त्यांची किमची सुरू व्हायची. कोबीच्या एकेका पानाआड लाल तिखटाचा हात फिरायचा. वैशाली शेजारी बसून तिच्यासाठीची, मासळी न घातलेली, वेगळी बरणी भरायची. गणपती झाले की थोड्याच दिवसांत त्यांचा सुगीचा सण. त्याला तांदळाच्या उकडीचे अर्धचंद्रासारखे छोटे तुकडे, आत तीळ आणि साखर. वैशालीने उकड हातात घेतली आणि बघता बघता पाकळ्या काढून मोदक उभा केला. मिन्जीच्या आईंनी तो तळहातावर ठेवून फिरवून फिरवून पाहिला. त्यांच्याकडे म्हणतात, जिच्या हातचा हा पदार्थ देखणा तिला लेक देखणी होते. त्यांनी दुडदुडणाऱ्या सईकडे बोट दाखवलं, "ट्रू! ट्रू!"

आणि भर उन्हाळ्यात, सगळं शहर आइस्क्रीम शोधत असताना, त्या मला आख्ख्या कोंबडीचं, पोटात भात आणि जिनसेंगचं मूळ भरलेलं उकळतं सूप द्यायच्या. उष्णतेला उष्णताच उतारा, असा त्यांच्याकडचा हिशेब. मी घामाने निथळत ते प्यायचो. आणि खरंच, नंतर बाल्कनीत उभं राहिलं की ती भट्टीसारखी हवाही अंगाला गार लागायची.

त्यांच्या टेबलावर एक रीत होती. सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकी कुणी उचलायचा नाही. सई हात पुढे करायची, तर मिन्जीची आई तिचा इवला हात हलकेच धरून ठेवायच्या, आपला चमचा तोंडात घालायच्या, आणि मग सोडायच्या. हे सईने इतकं मनावर घेतलं, की घरी आमच्या वरणभातालाही ती आधी माझ्याकडे बघायची.

सई वर्षाची व्हायच्या आधीची गोष्ट. एक जूनला सकाळी मिन्जीची आई माझ्यासाठी तेच सूप घेऊन आल्या. मी गोंधळलो. बाळंतिणीचं सूप मला कशाला? ऑफिसात त्या दिवशी माझ्या वाढदिवसाचा केक कापतात हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. त्यांनी फोनवरच्या भाषांतराला सांगितलं, आणि फोन त्याच्या निर्विकार आवाजात बोलला: हे सूप तुमच्या आईने तुम्हाला जन्म दिल्यावर प्यायलं होतं. म्हणून माणूस वाढदिवसाला ते पितो. हा दिवस आईच्या कष्टांचा. आता आईला फोन करा.

मी केला. आई जोरात हसली. "आज? आज कशाचा वाढदिवस! ती गुरुजींनी शाळेत घातलेली तारीख. निम्म्या गावाचा वाढदिवस हाय आज."

ते मला माहीतच होतं. आमच्या ऑफिसात सातारचे फोरमन, बीडचे स्टोअरकीपर आणि मी, तिघांचाही जन्म एक जूनचा, एकाच केकवर तीन नावं. पण पुढचं मी कधी विचारलं नव्हतं. "मग आई, मी झालो तेव्हा तू काय खाल्लंस?"

असं तिला कुणी विचारलं नसावं. मग म्हणाली, "हुरड्याचं दिस व्हतं. सगळी रानात. माझ्या आईला यायला जमलं न्हाई. गोदाक्कानं हुलग्याचं माडगं करून आणलं रोज. गूळ, सुंठ घालून. तेच पिऊन उठली मी."

गोदाक्का! आमच्या समोरच्या घरातली, गोट्या खेळताना आमच्यावर ओरडणारी, चेंडू परत न देणारी गोदाक्का. ती केव्हाच वारली होती, मी तिच्याविषयी एवढंच जाणून होतो. मी इथवर आलो ते शिकून आलो, असं मला वाटायचं. त्या आधी कुणीतरी समोरच्या घरातून वाफाळतं भांडं घेऊन आलं होतं.

वैशालीने सगळं ऐकलं. हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगायला आई आहेत. माझ्या वेळी आईने काय खाल्लं, ते मला कोण सांगणार?"

मी फोनच्या भाषांतराला ते सांगितलं नाही. पण मिन्जीच्या आईंना चेहरा वाचता येत होता. त्यांनी फक्त विचारलं, "वैशाली बर्थडे, व्हेन?" जुलै अखेर, वैशालीने तारीख सांगितली. तिची मात्र खरी, तालुक्याच्या दवाखान्यातली. त्या जुलैत सकाळी बेल वाजली, आणि मग प्रत्येक जुलैत. त्या सूप आणायच्या आणि वैशालीचा वाडगा रिकामा होईपर्यंत शेजारी बसायच्या.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला. "खलास," असा एकच अरबी शब्द त्या शिकल्या होत्या, तो त्यांनी दारात उभं राहून वापरला. जाताना वाळलेल्या शेवाळाची पाकिटं आणि ते 'न्यू पॉट' आम्हाला देऊन गेल्या. समोरच्या दाराला आता नवं पायपुसणं आहे. जूनमध्ये सईच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा एकट्याने सूप करायला घेतलं आणि आख्खं पाकीट भिजत घातलं. मूठभर म्हणजे किती, हे त्यांच्या हाताला माहीत होतं, माझ्या नाही. शेवाळ फुगत गेलं, पातेल्यातून सिंकमध्ये, सिंकमधून बादलीत. टाकायचं तर नाही. मग आठवडाभर आम्ही शेवाळाची भजी खाल्ली, शेवाळाचं थालीपीठ खाल्लं. सई म्हणाली, "Papa, no more green things, please." फोटो कोरियाला गेले. तिकडून हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या बाईचं चित्र आलं.

परवा वैशालीचा वाढदिवस झाला. मी सकाळी लवकर उठलो, यंदा खरोखर मूठभरच शेवाळ घेतलं. तिळाच्या तेलाचा वास घरभर झाला. तीन वाडगे मांडले. वैशाली येऊन बसली, पण चमच्याला हात लावेना. समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला तिचं ते बाळंतपणातलं तोंड आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे दुपार होती. मिन्जीची आई, कमरेला एप्रन, समोर टेबलावर वाफाळता वाडगा. त्यांनी आधी भाषांतर केलेलं वाक्य लावलं. तोच निर्विकार आवाज: आज तुझ्या आईच्या कष्टांचा दिवस आहे. ती खाऊ शकत नाही. तिच्या वाट्याचं मी खाते.

वैशालीने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. सईने घाईने चमचा उचलला होता.

"थांब," वैशाली तिचा हात धरून म्हणाली. "आधी आजी."

सईने चमचा खाली ठेवला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. मिन्जीच्या आईंनी चमचा भरला, फुंकर मारली, तोंडात घातला, आणि आमच्याकडे बघून मान हलवली.

मग आम्ही आमचे चमचे उचलले.